कुलूपबंद नवतपा

आज सकाळी नळाचं पहिलं पाणी हातावर घेतलं आणि हात मागे ओढला. टाकीतलं पाणी रात्रीतूनही निवलं नव्हतं. थोड्या वेळानं ताईचा फोन आला, "नवतपा लागला रे मधू, बाहीर हिंडू नको." ताईनं सांगितलं नसतं तरी कळलंच असतं. रायपूरचा नवतपा, मे अखेरचे हे नऊ होरपळते दिवस, आधी भिंतींना कळतो. दुपारी पलंगावर आडवं होऊन भिंतीला पाठ लावावी, तर पलीकडे कुणी चूल पेटवल्यासारखी ती तापलेली असते. शंकर नगरचा आमचा रस्ता अकरा वाजताच रिकामा होतो. आंबे विकणारा लिंबाखाली गाडा लावून गमछा तोंडावर ओढून निजतो. गुलमोहर तेवढा लालभडक उभा, त्यालाच काय ते ऊन मानवतं. घराघरातून कूलरची घरघर, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास, आणि खिडक्यांवर ओढलेल्या जाड चादरी. माणसं आपणहून कोंडून घेतात या दिवसांत. मीही घेतो. पण गेल्या वर्षी या चादरी मी ओढल्या, तेव्हा आत कोंडून घ्यायला माझं स्वतःचं असं काही उरलंच नव्हतं. मी आधीच कोंडलेला होतो.

मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी केली. आमचे वडील वर्ध्याहून इकडे आले तेही रेल्वेतच. सुधा, माझी बायको, गेली त्याला आता काही वर्षं झाली. मुलगा पराग हैदराबादला संगणकाच्या कंपनीत आहे. मराठी त्याला सगळी कळते, बोलतो हिंदीत. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण मंदा, इथेच रायपुरात, तात्यापाऱ्यात राहते. शाळेत गणित शिकवायची. अजूनही कुणी रिक्षावाल्यानं हिशोब चुकवला की ती त्याला उभ्या उभ्या वजाबाकी शिकवते.

गेल्या वर्षीची होळी होऊन गेली होती. एका सकाळी फोन वाजला. पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलला. माझ्या नावाचं एक पार्सल पकडलं गेलंय, त्यात नको ते सापडलंय, म्हणाला. आणि मी, ज्यानं आयुष्यभर पार्सलंच हाताळली, त्यानं सवयीनं विचारलं, "बुकिंग कुठून झालं?" त्यानं गावाचं नाव सांगितलं. नग किती, वजन किती, सगळं सांगितलं. माझा विश्वास तिथेच बसला. मग पडद्यावर वर्दीतला दुसरा माणूस आला. त्याच्या मागे भिंतीवर झेंडा, टेबलावर फायली. तो म्हणाला, तुम्हाला घरातच अटक झाली आहे. कॅमेरा बंद करायचा नाही. खोली सोडायची नाही. चौकशी होईपर्यंत बँकेतले सगळे पैसे सांगू त्या खात्यात भरायचे. कुणाला सांगितलंत तर मुलाच्या नोकरीवर येईल.

मी बसलो. कुणी हात बांधले नव्हते. दाराला कडी आतून मीच लावलेली होती. तरी मी त्या खुर्चीत बसून राहिलो, सकाळ गेली, दुपार गेली. शेजारच्या घरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या, खाली भाजीवाली ओरडत गेली. हे सगळं मला ऐकू येत होतं, आणि ते कुठल्या तरी दुसऱ्या गावाचं वाटत होतं.

ताई फोन लावून थकली आणि कैऱ्यांची पिशवी घेऊन ई-रिक्षानं घरी आली. दार इतकं बडवलं की वरचे लोक उतरून आले. मी दार उघडलं, तर माझ्या तोंडाकडे बघून तिनं काही विचारलंच नाही. सरळ आत जाऊन फोन उचलला आणि त्या वर्दीला म्हणाली, "कोन रे तू? कोन्या ठाण्याचा? माया भावाले काहून बसवून ठेवलं?" वर्दीवाला दरडावू लागला, तर तिनं तो फोन बोलता-बोलता तांदळाच्या डब्यात खुपसला आणि झाकण लावलं. डब्यातून बराच वेळ घूं घूं आवाज येत राहिला. त्यावर आता आम्ही हसतो. त्या दिवशी मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि मला उठताच येईना.

पैसे वाचले. ताई थोडी उशिरा आली असती तर वाचले नसते. पण माणूस फसला की त्याचं दुसरंच काहीतरी जातं. त्याचं 'नाही' म्हणणं जातं. पराग दुसऱ्या दिवशी विमानानं आला. माझ्याशी रागावून बोलला नाही, त्यामुळे तर मी अधिकच मेल्यासारखा झालो. त्यानं माझा फोन घेतला आणि जेवणाच्या टेबलावर बसून त्यात काय काय केलं. "बाबा, अब कोई टेंशन नहीं. जो नंबर मैं डालूंगा, वही लगेगा, वही आएगा. नया कुछ इन्स्टॉल नहीं होगा. आप कहां हो, मुझे दिखता रहेगा." मी म्हणालो, "बरं." तो जे जे म्हणाला त्याला मी "बरं" म्हणालो. खजील झालेल्या माणसासारखा आज्ञाधारक माणूस नाही. त्याच्या हातून काहीही कबूल करून घ्यावं.

तो परत गेला आणि ऊन चढत गेलं.

तो फोन तसा चालत होता. वेळ दाखवायचा, पराग नि ताईचे फोन यायचे, डॉक्टरांचा नंबर होता, गॅसवाल्याचा होता. मला आधी काही जाणवलंही नाही. मग हळूहळू जाणवू लागलं. पेपरात आलेला एक लेख बघावा म्हटलं, तर पान उघडायला परवानगी नव्हती. बाजूच्या इमारतीतल्या मित्रानं गाण्याचं काहीतरी पाठवलं, ते आलंच नाही. एका संध्याकाळी ऊन कललं म्हणून मी पुरानी बस्तीत देवीच्या देवळात गेलो. सुधा आणि मी जायचो. पायरीवर बसून चप्पल काढतच होतो तर फोन वाजला.

"बाबा, पुरानी बस्ती में क्या कर रहे हो?"

आवाजात राग नव्हता, काळजीच होती. मी म्हणालो, "दर्शनाला आलो रे." तो म्हणाला, "ठीक है, पर बता के जाया करो ना." मी आत गेलो, हात जोडले, आणि मला काही मागताच येईना. देवापुढेही कुणीतरी खांद्यावरून वाकून पाहतंय असं वाटत राहिलं. त्यानंतर मी फारसा बाहेर पडलोच नाही. नवतपा लागला, तेव्हा न पडायला मला एक चांगलं कारण मिळालं.

त्या दुपारींची मला आजही भीती वाटते. ऊन खिडकीच्या फटीतून जमिनीवर एक पट्टी टाकायचं आणि ती पट्टी सरकताना पाहणं हा माझा उद्योग होता. कूलरमधलं पाणी संपलं की त्याचा पंप कोरडा खरखरायचा. लाईट गेली की घर एकदम श्वास थांबवल्यासारखं व्हायचं. मी सुधाशी मनातल्या मनात बोलायचो, आणि मग दचकून गप्प व्हायचो. हेही कुणाला दिसत असेल का, असं वाटायचं. इतका मी वाकलो होतो.

अशाच एका टळटळीत दुपारी दारावर थाप पडली. दारात साहू उभा होता. साहू आणि मी एकाच ऑफिसात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आयुष्य काढलं. निवृत्त होऊन तो धमतरीजवळ त्याच्या गावी गेला. चेहरा उन्हानं काळवंडलेला, गमछा घामानं चिंब, आणि डोक्यावर नुकते उगवू लागलेले केस. मुंडण केलेलं होतं.

तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच, फोन का उचलत नाहीस म्हणून, त्याच्या छत्तीसगढीत म्हणाला, "फोन काबर नइ उठावस जी?"

"कुठला फोन, साहू?"

"घरवाली चली गई, बाबू. बेटे के फोन से कितना लगाया तुमको. दशगात्र में, दसवें दिन, सब आए. तुम नहीं आए."

मी म्हणालो, मला फोन आलाच नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर उभं राहून माझा नंबर लावला. त्याच्या कानाशी रिंग वाजत होती, मला ऐकू येत होती. माझा फोन आत टेबलावर पडला होता. वाजला नाही. थरथरला नाही. त्यावर साधा उजेडही आला नाही. आम्ही दोघंही त्या काळ्या काचेकडे बघत राहिलो.

साहूची बायको, फुलेश्वरी वहिनी, दर उन्हाळ्यात त्याच्या डब्यात माझ्यासाठी बिजौरी, तीळ घातलेले उडदाचे सांडगे, पाठवायची. सुधा गेली तेव्हा ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन राहिली होती, कुणी बोलावलं नसताना. आणि तिच्या वेळी मी इथे बसून उन्हाची पट्टी बघत होतो.

साहूला मी हाताला धरून आत आणलं, पाणी दिलं. सगळं सांगितलं, वर्दीवाल्यापासून. त्यानं ऐकून घेतलं. जाताना एवढंच म्हणाला, "बेटा अच्छा है तुम्हारा. लेकिन तुम तो हमको भी नहीं मिल रहे हो."

त्याच संध्याकाळी मी ताईकडे तात्यापाऱ्यात गेलो. ताई म्हणाली, "नवा फोन घे न. त्यात काय एवढं?"

"लपवून घेऊ? त्याला न सांगता?"

"मग हाच उघड."

तिच्या टेबलावर संगणक आहे. त्यावर आम्ही शोधायला बसलो. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी मी सकाळीच तिच्याकडे जायचो आणि ऊन उतरल्यावर परत यायचो. तेव्हा कळलं, की जगात कितीतरी लोक आपल्या फोनातली कंपनीची सगळी प्रणाली काढून टाकतात आणि कुणा हौशी लोकांनी बनवलेली दुसरी टाकतात. जुने फोन त्यानं जिवंत होतात. पण त्याला एक अडसर असतो. फोन चालू होताना सगळ्यात आधी आत एक छोटी गोष्ट जागी होते, तिला बूटलोडर म्हणतात. पुढे येणारी प्रणाली कंपनीच्या शिक्क्याची आहे का, ते ती तपासते. नसेल तर आत घेत नाही. आणि ती कुलूपबंद असते.

"म्हन्जे दरवान," ताई म्हणाली.

"हो. आणि दरवानाला सोडायचं तर फोनमधलं सगळं पुसलं जातं. फोटो, नंबर, सगळं. पराग्यानं टाकलेलंही."

"पुसू दे. फोटो इथं उतरवून घेऊ."

उतरवून घेतले. मग सेटिंगमध्ये शिरलो. पुस्तकात बघून पदार्थ करावा तसं ताई एक एक ओळ वाचायची आणि मी बोटानं करायचो. कुलूप उघडायला आधी एक बटण सरकवावं लागतं. ते सापडलं. पण ते फिकं पडलेलं होतं, दाबलं तरी हलेना. खाली ओळ आली, की ही सोय तुमच्या प्रशासकानं बंद केली आहे.

ताईनं चष्मा काढला. "प्रशासक कोन?"

"पराग."

बाहेर गल्लीत कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर माकडं उतरली होती, बायका ओरडत होत्या. मग ती म्हणाली, "चोरून होत नाही म्हन्जे. माग त्याले."

मागणं मला अवघड होतं. दोन दिवस मी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, घर अजून जरा थंड असताना, मी परागला फोन लावला.

"पराग, फोनमधलं एक बटण तुझ्याकडून बंद आहे. ते तेवढं उघडून दे."

"कौन सा?"

मी नाव वाचून दाखवलं. तो आधी हसला. "बाबा, आप बूटलोडर अनलॉक करोगे?" मग त्याचं हसू थांबलं. "आपको ये किसने बताया? फिर किसी का फोन आया क्या?"

"कुणाचा येणार? येऊच शकत नाही." मी त्याला साहूचं सांगितलं. तो एकदम हळवा झाला. फुलेश्वरी काकूंना तो लहानपणापासून ओळखायचा. म्हणाला, "सॉरी बाबा. मैं अभी साहू काका का नंबर डाल देता हूं. उनके बेटे का भी. आप बस मुझे नाम भेजते जाओ, मैं डालता जाऊंगा."

"नको."

"तो फिर क्या चाहिए आपको?"

"ते बटण."

"और फिर से वैसा हुआ तो?"

"होऊ शकतं."

"होऊ शकतं?" तो पहिल्यांदा मराठीत बोलला, आणि ओरडला. "बाबा, आत्या का फोन आया था तो मैं मीटिंग में था. उन्होंने इतना ही कहा कि तुझ्या बाबांना बघ, लवकर ये. एअरपोर्ट पर बैठकर मुझे लग रहा था कि आप नहीं हो. आप सोचो मेरा क्या हुआ होगा."

हे मला माहीत नव्हतं. तो आला होता तेव्हा कुणीच कुणाला काही विचारलं नव्हतं. मी खुर्चीत बसलो. आणि जे मी ताईलाही सांगितलं नव्हतं, ते तोंडातून बाहेर आलं.

"पराग, त्या माणसाला मी बाथरूमला जायची परवानगी मागितली होती. माझ्या घरात. त्यानं 'जा' म्हटलं तेव्हा मी त्याला 'थँक्यू सर' म्हणालो."

मी थांबलो नाही.

"आता मी देवळात गेलो तरी तुला सांगावं लागतं. तू माझ्यासाठी करून राहिला, मला समजते. पण माझं मन तुला आणि त्याला एकाच बाकावर बसवते, रे. मला ते नको आहे. म्हणून मागून राहिलो."

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग तो म्हणाला, "अभी देखो."

मी पाहिलं. फिकं बटण उजळलं होतं.

"बाकी मैं रिमोट से हटा दूं?" त्यानं विचारलं.

"नाही. बाकीचं मी करतो."

ताईकडे गेलो तेव्हा दुपार भरली होती. फोन वायरनं संगणकाला जोडला, दोन बटणं एकदम दाबून धरली. काळ्या पडद्यावर बारीक पांढरी अक्षरं आली. कुलूप उघडलं तर सगळं जाईल, अशी ताकीद आली. ताई म्हणाली, "दाब." मी दाबलं. फोन विझला, पुन्हा पेटला. मग नवी प्रणाली आत जाऊ लागली, पडद्यावर एक रेघ हळूहळू भरत होती. अर्धी भरली असेल, आणि लाईट गेली.

पंखा थांबला. संगणक विझला. फोनवर कंपनीचं नाव आलं, गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. तेवढंच. आत काही नव्हतं त्याच्या. मी बटणं दाबून पाहिली, काही होईना. त्या लोकांनी लिहिलंच होतं, की अर्ध्यावर थांबलं तर फोनची कधी कधी वीट होते, पुन्हा चालूच होत नाही. ताईनं पदरानं वारा घातला, मला की फोनला ते कळलं नाही. मला घाम फुटला होता. मी तिला म्हणालो, "पोट्टा बरोबर म्हणत होता. माझ्यानं काही होत नाही."

"चूप बस," ताई म्हणाली. "लाईट येईल न."

आम्ही त्या बंद खोलीत बसून राहिलो, घामेजलेले दोन म्हातारे, आणि मधे ते येणारं-जाणारं नाव. ताईनं मातीच्या माठातलं पाणी दिलं. मला एकदम वाटलं, मेला फोन तर मेला. तरी मी आता परत त्या पहाऱ्यात जाणार नाही. हे वाटल्यावर जरा गार वाटलं.

लाईट आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी रेघ शेवटपर्यंत गेली. फोन चालू झाला, तो एकदम रिकामा, धुऊन पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखा. ना नंबर, ना नावं. पहिला नंबर मी साहूचा घातला.

तो फोन अजून माझ्याकडे आहे. बंद करून चालू केला की दर वेळी तो बजावतो, या फोनमधली प्रणाली तपासलेली नाही, विश्वास ठेवू नका. बँकेचं ॲप त्यात चालायला नकार देतं, म्हणून मी बँकेत जाऊन रांगेत उभा राहतो. आणि अनोळखी नंबर आला की अजून माझे तळहात ओले होतात. काही वेळा उचलतो, काही वेळा उचलत नाही. ही भीती गेलेली नाही. ती कुठल्याही प्रणालीनं पुसली जाईल असं मला वाटत नाही. पण उचलायचं की नाही, हे आता माझं मी ठरवतो.

गेल्या वर्षीच्या त्या नवतप्यातच, शेवटी शेवटी, मी धमतरीची बस धरली. खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता, दोन्ही बाजूंना धानाची शेतं उघडी, भेगाळलेली. साहूच्या परछीत, म्हणजे ओसरीवर, आम्ही जमिनीवर बसलो. त्याच्या सुनेनं आमच्यापुढे बासी आणली, रात्रभर पाण्यात भिजलेला भात, वर कांदा, बाजूला आंब्याची चटणी. फुलेश्वरी वहिनींचा फोटो भिंतीवर होता, त्याला हार ताजा होता. आम्ही जेवत होतो तेव्हा फोन वाजला. पराग होता.

"बाबा, घर पर हो?"

"नाही. साहूकडे."

"धमतरी? इस धूप में?"

"हव."

मला वाटलं आता तो बोलेल, पाणी, टोपी, डॉक्टर, ब्लडप्रेशर. पण तो अगदी हळू म्हणाला, "अब मुझे कुछ दिखता नहीं, बाबा."

मी भाताचा हात तसाच धरून अंगणात आलो. कवेलूच्या छपराच्या सावलीत कोंबड्या चोच उघडून धापा टाकत होत्या.

"विचारत जा," मी म्हणालो. "सांगत जाईन."